रान नाही म्हणून येळवस करायची नाही का?

या वेळचं पत्र नोएडाहून आलंय, येळवसबद्दल. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, येळवस म्हणजे वेळा अमावस्या. मार्गशीर्ष अमावस्येला लातूर-धाराशिवकडं सगळे रानात, म्हणजे शेतात जातात, कडब्याची कोप (खोपटी) करून पूजा करतात आणि तिथंच भज्जी (पालेभाज्या आणि दाण्यांची बेसन लावलेली भाजी) आणि आंबील (ज्वारीच्या पिठाचं ताकातलं आंबट पेय) असं जेवतात. पत्र मोठं होतं, थोडं कापून देते.

"मी लातूरच्या औसा तालुक्यातली. लग्नानंतर नोएडात आले, चौदाव्या मजल्यावर राहतो. मिस्टर नागपूरचे, त्यांना येळवस म्हणजे काय हे माझ्याशी लग्न होईपर्यंत माहीतच नव्हतं. पोळा झाला की त्यांचा शेतकऱ्याचा सण संपला. दरवर्षी मार्गशीर्ष अमावस्या आली की मला कसंतरी होतं, भावाचे फोटो येतात, कोप, आंबील, सगळे रानात बसलेले. आता वडील गेल्यापासून रान बटईनं, म्हणजे वाट्यानं कसायला दिलंय त्यामुळं ते फोटोही बंद झाले. यंदा ठरवलं की इथंच करायची. आईला फोन केला तर म्हणाली, रान नाही तर कसली गं येळवस, भज्जी करून खा आणि गप बस. इकडं मराठी मंडळाच्या ग्रुपवर विषय काढला तर पुण्या-मुंबईच्या मंडळींना आधी कळेना, मग कळल्यावर एकदम उत्साह, क्लब हाऊस बुक करू, केटरर सांगू, पारंपरिक वेशभूषा स्पर्धा ठेवू. मिस्टर म्हणतात उगाच पसारा. आणि यंदाच्या कॅलेंडरमध्ये शोधायला गेले तर डिसेंबरमध्ये येळवस नाहीच, इथल्या पंचांगात तर पौष अमावस्या लिहिलंय. ताई, करू का नको? की हे सगळं नाटकच होणार?"

नोएडाच्या ताई,

आधी तारखेचं मिटवून टाकू, ते सोपंय. 2026 च्या कॅलेंडरमध्ये येळवस नाही हे बरोबरच आहे. यंदा ज्येष्ठ अधिक आला म्हणून पुढचं सगळं सरकलं आणि मार्गशीर्ष अमावस्या गेली थेट 7 जानेवारी 2027 ला, गुरुवारी. हे मधूनमधून होतंच की. 23 डिसेंबर 2022 ला येळवस झाली, मग अधिक श्रावणामुळं अख्खं 2023 कोरडं गेलं आणि 2024 मध्ये दोनदा आली, 11 जानेवारीला एकदा आणि 30 डिसेंबरला परत. आणि पौषाचं म्हणाल तर उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावस्येला, त्यामुळं आपल्या मार्गशीर्षातला वद्य पक्ष त्यांच्या पौषात जातो. दिवस तोच आहे, नावाकडं बघू नका. शेजारणीला सांगताना मात्र पौष अमावस्याच सांगा नाहीतर ती पंचांग उघडून तुम्हालाच चुकीचं ठरवेल.

आता आईचं बोलणं. रान नाही तर कसली येळवस. हे वाक्य तुम्हाला लागलंय ते पत्रात कळतंय, पण मला वाटतं आई ते तुम्हाला बोललीच नाही. ज्या बाईनं जन्मभर रात्री दोनला उठून चूल पेटवली, बाजरीचे उंडे उकडले, भाकरीची चवड रचली आणि सकाळी पाटी डोक्यावर घेऊन रान गाठलं, तिचं रान आता बटईत आहे आणि तिथं कोप कोण करणार, बटईदार करतील तर करतील. तिला तिच्या रानाचं दुःख आहे, तुमच्या चौदाव्या मजल्याचं नाही. तेव्हा तिच्याशी वाद घालत बसू नका आणि परवानगी पण मागू नका. तिला काम द्या. भज्जीला चिंच किती, आंबील कधी भिजवायची, तुरीचे दाणे आधी घालायचे का वाटाणा, हे तिला विचारा, माहीत असलं तरी विचारा. बघा सूर कसा बदलतो ते.

पण तिच्या म्हणण्यातला मुद्दा सोडून देता येत नाही, कारण तुम्हालाही मनातून तेच वाटतंय, म्हणून तर पत्र लिहिलंय ना. तर मला सांगा, येळवसच्या दिवशी लातूर शहरात काय असतं? कलेक्टर स्थानिक सुट्टी देतात, मार्केट बंद, दुपारी बारानंतर गंजगोलाईच्या बाजारात माणूस दिसत नाही, सगळं शहर रानात. मग या सगळ्या लोकांना रान आहे का? कुठलं आलंय! बँकेत बदली होऊन आलेला असतो, शाळेतले मास्तर असतात, लातूर पॅटर्नच्या क्लाससाठी खोली करून राहिलेली परभणी-नांदेडची पोरं असतात, भाड्याच्या घरातली कुटुंबं असतात. त्यांची येळवस होते ती दुसऱ्याच्या रानात. आठ दिवस आधीपासून आवतणं फिरत असतात, आमच्या रानात या हं, आणि एकेका माणसाला चार-चार आवतणं, मग एका रानात आंबील, दुसऱ्यात जेवण आणि तिसऱ्यात नुसतीच बोरं आणि हरभऱ्याचे टहाळे खात बसायचं. आमच्या शेजारच्या मुस्लिम काकांचं कुटुंब दरवर्षी आमच्याच रानात असायचं, त्यांच्या पोरांना ओलगे ओलगेची आरोळी आमच्यापेक्षा जोरात यायची.

म्हणजे सातबारा नावावर असला तरच येळवस असं कुणीच कधी म्हटलेलं नाही. ज्याला रान आहे त्यानं बोलवायचं, ज्याला नाही त्यानं जायचं. तुम्ही इतकी वर्षं बोलवणाऱ्यांतल्या होतात म्हणून तुम्हाला ते जाणवलं नाही एवढंच. आता तुम्ही जाणाऱ्यांतल्या आहात. तर जा की मग, कुणाच्या तरी रानात जा.

कुणाच्या ते सांगते. तुमच्याकडं दूधवाला येतो ना? नोएडातले बरेच दूधवाले दादरीकडच्या नाहीतर जेवरकडच्या गावातले असतात, सोसायटीच्या गार्डमध्ये, घरकामाच्या बायकांमध्येही आसपासच्या गावातलं कुणीतरी असतंच. त्यातल्या एकाशी नीट बोला. भैया, हमारे यहाँ एक त्योहार होता है, खेत में बैठकर खाना खाते हैं, एवढं सांगितलं तरी पुरे. जानेवारीत तिकडं गहू वीतभर आलेला असतो आणि मोहरी पिवळीजर्द फुललेली, तुमच्या मुलांना हे एक्सप्रेसवेवरून गाडीच्या काचेतून दिसतं फक्त. पिकात शिरायचं नाही, बांधावर किंवा बोअरच्या खोलीजवळ मोकळ्या जागेत सतरंजी टाकायची. आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा की त्या घरचे सगळे तुमच्याबरोबर जेवायला बसले पाहिजेत. त्यांच्या रानात बसून आपण आपलंच जेवून डबे आवरून निघून आलो तर ती पिकनिक झाली. सालगड्यासकट सगळे एका पंगतीला, ही पद्धत तुम्ही घरी बघितलीय, तीच इथं चालवा. पैसे देऊ केले तर ते घेणार नाहीत बहुतेक, मग मुलांसाठी काहीतरी न्या, पण आधी विचारूनच जा, ऐनवेळी पंचवीस माणसं घेऊन धडकू नका.

रान नाहीच जमलं तर सोसायटीची बाग. परवानगी एओएकडून, म्हणजे फ्लॅटमालकांच्या संघटनेकडून लेखी घ्या, तोंडी घेतली तर त्या दिवशी गार्ड बदललेला असतो. पण बागेतच करा, क्लब हाऊसमध्ये नको. मी मंडळाच्या विरोधात नाहीये, लोकांनी उत्साह दाखवला हे चांगलंच झालं, परक्या मुलखात तेवढंच माणसांचं बळ असतं. पण एसी हॉल, फोल्डिंगच्या खुर्च्या, स्टेजवर थर्माकोलची बैलजोडी आणि नऊवारीतला रॅम्प वॉक, यात येळवस कुठं बसवणार आहात तुम्ही? ते संक्रांतीच्या हळदीकुंकवाला करा, तिथं शोभतं, आणि संक्रांत काय आठवड्यावरच आहे. हा सण मातीत बसून खायचा आहे, कपड्यांना माती लागली पाहिजे. केटरर तर अजिबात नको. तुम्ही भज्जी सांगणार आणि तो कांदाभजी तळून आणणार.

वार कुठला, याचं माझं मत असं आहे. गुरुवारी सुट्टी नाही, तुमच्याकडं कलेक्टर काही येळवसची सुट्टी देणार नाहीत. तर गुरुवारी सकाळी घरी पूजा करा, पाच खडे धुऊन चुन्यानं पांढरे करून पांडव मांडा, समोर आंबीलीचा छोटा गडू, भज्जी-भाकरीचा नैवेद्य, संपलं. अर्ध्या तासाचं काम आहे. आणि रानातलं जेवण रविवारी, 10 तारखेला. काही जणी म्हणतील तिथी चुकली. नैवेद्य तिथीला झालाय ना, मग जेवायला माणसं रविवारी येत असतील तर जेवण रविवारीच. तिकडं त्या दिवशी जायला मजा येते कारण सगळा जिल्हा जात असतो, इथं गुरुवारी दुपारी तुम्ही आणि दोन मुलं थंडीत कुडकुडत बसणार, त्याला काय अर्थ आहे.

थंडीवरून आठवलं, हवा बघून ठरवा. एक्यूआय, म्हणजे हवेच्या प्रदूषणाचा आकडा, 400 च्या वर गेला की तो सिव्हियर धरतात, अशा दिवशी लहान मुलं आणि म्हातारी माणसं घेऊन उघड्यावर चार तास बसणं शहाणपणाचं नाही, सरळ पुढच्या रविवारवर ढकला. धुकं असेल तर अकराच्या आधी निघूच नका. आणि संध्याकाळी पेटता टेंभा घेऊन रानाला फेरी मारायची असते ती इथं नाही करायची. एनसीआरमध्ये उघड्यावर काही जाळायला बंदी आहे, थंडीत ग्रॅप, म्हणजे प्रदूषण वाढल्यावरचे निर्बंध लागले की तर फारच कडक असतात, दंड होतो आणि दंड नसता तरी त्या हवेत आणखी धूर कशाला घालायचा. चार पणत्या बांधावर लावा. मुलांना टेंभ्याची गोष्ट सांगा, तुमच्या बाबांनी कसा धरला होता, कुणाचं धोतर कसं थोडक्यात वाचलं, असली एखादी गोष्ट तुमच्या घरात असणारच.

कोपीचं काय, हे तुम्ही विचारलं नाही पण विचाराल. तिकडं रब्बी ज्वारीचा कडबा असतो म्हणून पेंढ्यांची कोप. खरं सांगायचं तर आता आपल्याकडंही सोयाबीन, हरभरा आणि ऊस एवढा झालाय की बऱ्याच रानात कोपीला कडबा दुसरीकडून आणावा लागतो, आणि काही जण तर सरळ साडी बांधून सावली करतात. तेव्हा अस्सल-नकलीचा फार बाऊ करू नका. दूधवाल्याकडं बाजरीची नाहीतर ज्वारीची कडबी जनावरांसाठी रचून ठेवलेली असते, त्यातल्या पाच पेंढ्या मागा, तीन बाजूंनी उभ्या करा, वर आईची जुनी साडी किंवा शाल, आत पांडव. ऊस मिळाला तर उसाचीही होते. गुडघाभर उंचीची झाली तरी पुरे, मुलांनी केली तर जास्तच छान. ती वाकडी होणार, होऊ द्या.

आता स्वयंपाकाकडं येते, मला इथंच जास्त रस आहे खरं तर. तुम्हाला वाटत असेल की दिल्लीकडं काही मिळत नाही, उलट भज्जीसाठी उत्तरेतला हिवाळा आपल्यापेक्षा काकणभर सरसच आहे. चाकवत हवा? बथुआ मागा, ढिगानं पडलेला असतो. मेथी आहे, पालक आहे, कांद्याची पात आहे, गाजरं तर त्यांची लाल, वाटाणा जानेवारीत इतका स्वस्त आणि गोड की नुसता खावा. ओला हरभरा छोलिया म्हणून सोललेला मिळतो, आपल्याकडं सोलून सोलून नखं काळी होतात. फेज 2 च्या मंडीत सकाळी लवकर गेलात तर एका फेरीत सगळं माळवं घरी येईल. अडचण येईल ती ओल्या तुरीची आणि पावट्याची. त्यासाठी दिल्लीत आयएनए मार्केटला चक्कर मारा, दक्षिणेकडच्या भाज्या तिथं येतात, नाहीच मिळाली तर गुजराती लोकांसाठी फ्रोजन तुवर लिलवा मिळतो तो आणा. भज्जीला चालतो, शिजल्यावर कळत नाही.

भज्जी करताना एकच सांगते, बेसन कमी घाला. लोक पिठल्यासारखं गच्च करून टाकतात. दाणे आणि शेंगदाणे आधी शिजवून घ्यायचे, मग बारीक चिरलेले सगळे पाले आणि गाजर, ते मऊ झालं की चिंचेच्या कोळात कालवलेलं बेसन हळूहळू सोडायचं आणि पळीवरून सरकेल इतपत पातळ ठेवायचं, गार झाल्यावर ती आपोआप घट्ट होते. फोडणीला लसूण मूठभर, हिरवी मिरची ठेचून. चार बोरं टाकायची असतील तर शेवटी टाका. आणि पंचवीस माणसांची करणार असाल तर दोन पातेल्यांत करा, एकाच मोठ्या पातेल्यात तळाला लागते आणि लागलेला वास सगळ्या भज्जीला येतो.

आंबील मात्र नोएडात त्रास देणार. लातूरला थंडी म्हणजे काय, रात्री पीठ ताकात भिजवलं की सकाळी आंबट वास घरभर. तुमच्याकडं जानेवारीत रात्री पाच-सात डिग्री, त्यात ते पीठ जसंच्या तसं राहणार. ज्वारीचं पीठ दोन रात्री आधी आंबट ताकात भिजवा, भांडं मातीचं किंवा स्टीलचं घ्या, ब्लँकेटमध्ये गुंडाळून बंद ओव्हनमध्ये नुसता दिवा लावून ठेवा. वर बारीक बुडबुडे दिसले आणि झाकण उघडल्यावर नाकाला झणका बसला की झालं. मग उकळत्या पाण्यात सोडून गुठळ्या न होऊ देता शिजवायचं, पूर्ण गार करायचं आणि त्यानंतर ताक, ठेचलेलं आलं-लसूण-जिरं, मीठ, कोथिंबीर. गरम असताना ताक घातलं की फाटतं. थंडीत गार आंबील कोण पिणार असं मंडळाचे लोक म्हणतील, त्यांना अर्धा पेला द्या, जास्त आग्रह करू नका, ज्याला लागली त्याला लागली.

भाकरीचं टेन्शन घेऊ नका. पंचवीस माणसांच्या ज्वारीच्या भाकरी एकट्या बाईनं फ्लॅटच्या गॅसवर थापायच्या नाहीत, मी मुळीच सांगणार नाही. सोलापूरची कडक भाकरी मागवून ठेवा, ती महिनोन्‌महिने टिकते, भज्जीत चुरून खायला तर ताज्या भाकरीपेक्षा भारी. जोडीला दूधवाल्याच्या घरच्या बाजरीच्या रोट्या, तिकडच्या बायकांचा त्यात हातखंडा असतो, तेवढं त्यांच्याकडून होऊ द्या म्हणजे ते नुसते पाहुणे राहणार नाहीत. गव्हाची खीर करा, ती आदल्या दिवशी होते. बाजरीचे उंडे जमले तर करा, नाही जमले तर नाही. रोडगे, तिळाची पोळी, धपाटे, आठवतील ते सगळे पदार्थ पहिल्याच वर्षी करायला जाऊ नका. पहिल्या वर्षी इतकं करतात की दुसऱ्या वर्षी बाई नाव काढत नाही.

आणि इथं मिस्टरांचा विषय येतो. उगाच पसारा असं ते म्हणतात, म्हणजे त्यांना माहितीये की पसारा तुम्ही काढणार आणि तुम्हीच आवरणार आणि मग दोन दिवस तुमची चिडचिड ते ऐकणार. त्यांचंही चूक नाही. पण आपल्याकडं येळवसला पुरुष माणूस काय करतो? खांद्यावर घोंगडी, डोक्यावर आंबीलीची बिंदगी (घागर), वाजतगाजत रानात, चहूकडं चर, म्हणजे नैवेद्याचं अन्न, शिंपडायचा, आरोळ्या द्यायच्या, आणि गावभर सांगायचं आमच्याकडं येळवस किती भारी झाली. बाई तोपर्यंत पंधरा तास उभी असते. हा भाग तिथंच राहू द्या, इथं आणायची गरज नाही. मंडी, पार्किंग, एओएची परवानगी, लोकांना लोकेशन पाठवणं, भांडी घासणं, ही कामं त्यांची, आणि बिंदगी पण त्यांच्याच डोक्यावर द्या, नागपूरकर माणूस एकदा बिंदगी घेऊन चालला की फोटो स्वतःच स्टेटसला ठेवतो. बदल्यात पुढच्या वर्षीपासून तान्हा पोळा तुमच्या घरात जोरात झाला पाहिजे. लाकडी बैल नागपूरहून मागवा, सजवा, मुलांना सोसायटीत दारोदार फिरवा. पत्रात तुम्ही लिहिलंय की पोळा झाला की त्यांचा सण संपला, पण तो सण तुमच्या घरात होतो का ते काही लिहिलं नाहीत. मला शंका आहे की ते पण मनात काहीतरी धरून बसलेत.

आवतणं द्यायला अजून एक जागा सुचते. ही अमावस्या आपल्या एकट्यांची नाही, बिदर, कलबुर्गी, विजापूरकडं त्याच दिवशी एळ्ळ अमावस्या असते, ते लोकही गाड्या भरून रानात जातात आणि चरग शिंपडतात. लातूर, धाराशिव, बिदर, कलबुर्गी हे सगळं निजामाच्या एकाच राज्यात होतं, 1956 ला राज्यं पाडली म्हणून मधून रेघ गेली, सणाला तिची कुठली पर्वा. पुण्या-मुंबईच्या मंडळींना येळवस समजावण्यात जेवढा वेळ जाईल तेवढ्यात कलबुर्गीची एखादी बाई शेंगा होळिगे (शेंगदाण्याच्या पोळ्या) घेऊन तुमच्या दारात उभी राहील. दिल्लीत आर. के. पुरमला दिल्ली कर्नाटक संघ आहे, तिथं चौकशी करा की उत्तर कर्नाटकातलं कुणी आहे का. पुण्याचे लोकही येऊ देत, त्यांना बोलवा, पण ते पाहुणे. कसं करायचं हे ठरवायला त्यांना बसवू नका.

चर शिंपडण्याबद्दल एक बारकावा. रानात असाल तर थोडी भज्जी आणि आंबील चार कोपऱ्यांना टाका, त्या घरच्या माणसाला आधी सांगा आणि त्याच्याच हातानं टाकायला लावा, रान त्याचं आहे. सोसायटीच्या बागेत असाल तर तिथं अन्न फेकू नका, माकडं आणि कुत्री येतील आणि पुढच्या वर्षीची परवानगी गेली. एका कुंडीच्या मातीत चमचाभर घाला, बास.

कुंडीवरून सांगते, हे मात्र आत्ताच करण्यासारखं आहे. बाल्कनीत ज्वारी लावायच्या भानगडीत पडू नका, तिकडच्या थंडीत ती उगवून येणार नाही नीट. हरभरा लावा. ऑक्टोबरच्या शेवटी दोन पसरट कुंड्यांमध्ये साधा गावरान हरभरा टोकून द्या, ऊन येईल अशा जागी, पाणी बेतानं. जानेवारीपर्यंत हिरवागार होतो, शेंडे खुडले की अजून फुटतो, आणि ते खुडलेले शेंडे गुरुवारच्या नैवेद्याच्या भज्जीत जातील. खुडायचं काम मुलांना द्या. हरभऱ्याच्या पाल्यावर जी आंब असते ती बोटांना लागते आणि पोरं बोटं चाटत बसतात, आंबट-खारट. हे त्यांना तुम्ही कितीही वर्णन करून सांगितलं तरी कळणार नाही, आणि एकदा चाटलं की तुम्हाला काही सांगावं लागणार नाही.

जमलं तर दोन-तीन वर्षांतून एकदा सुट्टी काढून गावाकडं पण जा येळवसला. रान बटईनं दिलंय, विकलं नाही ना? बटईदाराला फोन करून सांगायचं, आम्ही येतोय, कोप करा, भज्जी आम्ही आणतो. आईला पण तेवढंच निमित्त.

तर आता लगेच करायची कामं म्हणजे दूधवाल्याला विचारणं. मंडळाच्या ग्रुपवर 10 जानेवारी आत्ताच टाकून ठेवा आणि खाली लिहा, खुर्च्या मिळणार नाहीत, ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी आपापला पाट आणावा.